उद्योजक होण्याचा इरादा कशातून घडतो?

उद्योजक होणारी माणसे मुळातच वेगळ्या घडणीची असतात, अशी समजूत दीर्घकाळ संशोधकांचीही होती. हाती घेतलेले काम उत्तम रीतीने तडीस नेण्याची ओढ, म्हणजे ‘संपादन प्रेरणा’, ज्यांच्यात तीव्र असते ती माणसे उद्योगाकडे वळतात, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी 1961 साली मांडले. पुढची पंचवीसेक वर्षे अशाच गुणांचा शोध चालू राहिला, पण त्यातून उद्योजकाचे एकच एक व्यक्तिचित्र काही उभे राहिले नाही. 1988 साली विल्यम गार्टनर यांनी ‘उद्योजक कोण असतो’ हा प्रश्नच चुकीचा आहे, तो काय करतो ते पाहावे, असे सुचवले. त्याच वर्षी बार्बरा बर्ड यांनी कृतीच्याही आधी मनात आकार घेणाऱ्या इराद्याकडे लक्ष वेधले. व्यवसाय सुरू करण्यापूर्वी माणूस अनेक महिने, कधी अनेक वर्षे विचार करत असतो, म्हणून या काळात त्याच्या मनात काय घडते हे तपासणे मला गुणांची यादी करण्यापेक्षा कितीतरी फलदायी वाटते.

या अभ्यासाला दोन सिद्धांतांचा आधार मिळाला. अल्बर्ट शापेरो आणि लिसा सोकोल यांनी 1982 साली असे मांडले की, माणूस बहुधा सवयीच्या वाटेनेच चालत राहतो आणि नोकरी जाणे, स्थलांतर करावे लागणे किंवा अचानक एखादी संधी समोर येणे अशा घटनेने ती वाट मोडली की नव्या पर्यायांचा विचार करू लागतो. त्या वेळी व्यवसाय हा पर्याय त्याला हवासा वाटतो का, तो आपल्याला शक्य आहे असे वाटते का आणि ठरवलेले करून टाकण्याचा त्याचा स्वभाव आहे का, यांवर पुढचे अवलंबून असते. दुसरा सिद्धांत आइसेक आझेन यांचा. 1991 साली त्यांनी विस्ताराने मांडलेल्या ‘नियोजित वर्तनाच्या सिद्धांता’नुसार कोणताही इरादा तीन गोष्टींतून घडतो: त्या कृतीविषयीचे आपले मत, जवळच्या माणसांच्या अपेक्षा आणि ती कृती आपल्या आवाक्यात आहे ही भावना.

नॉरिस क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली हे दोन्ही सिद्धांत करिअरच्या निर्णयाशी येऊन ठेपलेल्या 97 विद्यार्थ्यांवर पारखले, तेव्हा ‘शक्य वाटणे’ हा घटक दोन्हींत ठळकपणे पुढे आला आणि इतरांच्या अपेक्षांचा थेट प्रभाव मात्र दिसला नाही. या निष्कर्षावरून समाजाचे महत्त्व नाही असे समजणे घाईचे ठरेल, कारण आपल्याला काय हवेसे वाटावे आणि काय झेपेलसे वाटावे, हे आजूबाजूची माणसेच आपल्याला नकळत शिकवत असतात.

‘मला हे जमेल’ ही भावना येते कुठून, हे अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 सालीच सांगितले होते. तिचा सर्वांत भक्कम पाया म्हणजे स्वतः काही करून मिळवलेले यश. त्याखालोखाल आपल्यासारख्याच कुणाला तरी यशस्वी होताना पाहणे येते, तर इतरांनी दिलेला धीर आणि शरीरमनाची त्या वेळची अवस्था यांचाही वाटा असतो. उद्योजकांची मुले उद्योजक का होतात, या प्रश्नावरही याच दिशेने प्रकाश पडतो. स्वीडनमधील नोंदींवर आधारित आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आईवडिलांपैकी कुणी उद्योजक असेल तर मूल उद्योजक होण्याची शक्यता सुमारे 60 टक्क्यांनी वाढते असे आढळले. दत्तक मुलांच्या बाबतीत जन्मदात्यांचा प्रभाव दिसलाच, पण वाढवणाऱ्या पालकांचा प्रभाव त्याच्या सुमारे दुप्पट होता.

इरादा झाला म्हणजे व्यवसाय उभा राहिला असे अर्थातच नाही. ऑस्ट्रिया आणि फिनलंडमधील प्रौढांची एका वर्षाच्या अंतराने दोनदा पाहणी करणाऱ्या अभ्यासात आझेन यांच्या घटकांनी माणसामाणसांच्या इराद्यात दिसणाऱ्या फरकापैकी 59 टक्के फरकाचा उलगडा केला, परंतु पुढच्या प्रत्यक्ष कृतीतील फरकाचा उलगडा 31 टक्केच झाला. शंका, भीती आणि कंटाळवाण्या कामांचा तिटकारा इराद्याला मध्येच अडवतात, आणि ज्यांचा स्वतःवर ताबा अधिक असतो ते या अडथळ्यांतून तुलनेने सहज पुढे सरकतात.

आता सर्वांत विचार करायला लावणारा भाग. उद्योजकता शिकवली तर इरादा वाढेल, या अपेक्षेने जगभर अभ्यासक्रम सुरू झाले. नेदरलँड्समधील एका महाविद्यालयाच्या दोन शाखांपैकी एकीत असा कार्यक्रम सक्तीचा होता आणि दुसरीत नव्हता. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत असे दिसले की, कार्यक्रमामुळे विद्यार्थ्यांचा इरादा उलट कमी झाला. म्युनिकमधील विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातही त्याच वर्षी असेच आढळले, परंतु तेथील संशोधकांनी त्याचा अर्थ अधिक बारकाईने लावला: हा मार्ग आपल्यासाठी आहे की नाही, याचा अंदाज विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमातून येत होता.

हे स्पष्टीकरण मला पटते. किती जणांचा इरादा वाढला, एवढ्यावरूनच अभ्यासक्रमाचे यश मोजणे म्हणजे, माझ्या मते, चुकीच्या मापाने मोजणे होय. या मताला जॉश लर्नर आणि उल्रिके मालमेंडियर यांच्या 2013 सालच्या अभ्यासाने बळ मिळते. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये विद्यार्थ्यांची तुकड्यांमधील विभागणी जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी होते. ज्या तुकडीत पूर्वी व्यवसाय केलेले सहाध्यायी जास्त, त्या तुकडीतून पुढे उद्योजक कमी निघाले. मात्र घट झाली ती मुख्यतः अयशस्वी उद्योगांत, यशस्वी उद्योगांत नव्हे. अनुभवी सोबत्यांशी झालेल्या बोलण्यातून कच्च्या कल्पना वेळीच गळून पडल्या असाव्यात, असे या दोघांचे अनुमान आहे.