घटस्फोटानंतर कोर्टाच्या ऑर्डरमध्ये बदल

घटस्फोट झाला की लग्न संपतं, पण मुलांचा ताबा, भेटीचे दिवस, मुलांचा खर्च आणि पोटगी याबद्दलची ऑर्डर पुढे वर्षानुवर्षं चालू राहते आणि तेवढ्या काळात माणसांची परिस्थिती बदलते, म्हणून ती ऑर्डर बदलून मागायची सोय बहुतेक देशांच्या कायद्यात असते. हे अपील नाही. अपिलात आधीचा निकाल चुकला असं म्हणायचं असतं, इथे मात्र त्यानंतर काय बदललं एवढंच दाखवायचं असतं, त्यामुळे जुनी भांडणं उकरून काढणारे अर्ज सहसा टिकत नाहीत.

सगळंच बदलता येत नाही. इंग्लंडच्या १९७३ च्या कायद्यात दरमहाची पोटगी कमी-जास्त होऊ शकते, पण घर कोणाच्या नावावर गेलं ते परत उघडत नाही, फक्त एखाद्याने मालमत्ता लपवल्याचं उघड झालं तर गोष्ट वेगळी. भारतात हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २५ खाली पोटगी आणि कलम २६ खाली मुलांबद्दलची ऑर्डर बदलता येते. फौजदारी कायद्याखालचा मेंटेनन्स, म्हणजे निर्वाहाचा खर्च, बदलून घ्यायला पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२७ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४६ आहे आणि ते कुठल्याही धर्माच्या माणसाला चालतं. मुलांचा ताबा तर कधीच कायमचा ठरत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्येच सांगितलंय.

बदल खरा आणि टिकणारा हवा. नोकरी गेली, मोठं आजारपण आलं, समोरच्याचं उत्पन्न बरंच वाढलं, मुलाला खास उपचार लागले, अशी कारणं ऐकली जातात, पण दोन महिने ओव्हरटाइम मिळाला नाही एवढ्यावर काही होत नाही. पोटगी टाळायला मुद्दाम नोकरी सोडली असं दिसलं तर कोर्ट माणसाची कमवायची क्षमता धरून आकडा ठरवतं, आणि ते योग्यच आहे. पोटगी घेणाऱ्याने पुन्हा लग्न केलं तर इंग्लंडमध्ये त्याची दरमहाची पोटगी आपोआप थांबते, हिंदू विवाह कायद्यात त्यासाठी अर्ज करावा लागतो, मुलांचा खर्च मात्र त्यामुळे संपत नाही.

मुलांच्या बाबतीत आईबापाची सोय दुय्यम, मुलाचं हित पहिलं. चार वर्षांच्या मुलीसाठी ‘दर शनिवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा’ असं लिहिलेलं असतं, ती तेरा वर्षांची झाली की शनिवारी तिचा क्लास असतो, मॅच असते, मैत्रिणी असतात आणि ती ओळ तिच्या आयुष्यात बसतच नाही. अशा वेळी मुलीचं म्हणणंही ऐकलं जातं. पण सारख्या केसेस नकोत म्हणून ऑस्ट्रेलियात परिस्थितीत मोठा बदल झालाय का हे आधी बघतात, हा नियम १९७९ च्या एका निकालातून आला आणि मे २०२४ पासून कायद्यातच लिहिलाय.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते तोंडी ठरवल्याने. ‘सध्या अर्धेच दे, बघू नंतर’ असं फोनवर ठरतं, दोन वर्षांनी संबंध बिघडतात आणि उरलेल्या अर्ध्याची थकबाकी वसूल करायला नोटीस येते, कारण कागदावर जुनाच आकडा असतो. अमेरिकेत १९८६ च्या फेडरल कायद्याने मुलांच्या खर्चाची साचलेली थकबाकी मागे जाऊन माफ करता येत नाही, अर्जाची नोटीस समोरच्याला गेल्यानंतरच्या काळापुरताच बदल मिळू शकतो. म्हणून नोकरी गेली की लगेच अर्ज करावा, थांबू नये, आणि ऑर्डर बदलेपर्यंत जमेल तेवढे पैसे बँकेतून भरत राहावेत म्हणजे पुरावा राहतो.

दोघांचं पटलं असेल तर लेखी कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटी, कोर्टात दिल्या की काम बरंच सोपं होतं. नसेल तर जुन्या ऑर्डरची कॉपी, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, दवाखान्याची किंवा शाळेची बिलं जोडायची. भारतात मेंटेनन्सच्या प्रकरणात दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं अ‍ॅफिडेव्हिट द्यायचं, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये घालून दिलंय.

मुलाला घेऊन दूर राहायला जाणं हा सगळ्यात अवघड प्रकार. कॅनडात मार्च २०२१ पासून अशा स्थलांतराची साधारणपणे ६० दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. परदेशात जायचं असेल तर तिथल्या कोर्टाकडूनही तशीच ऑर्डर आधीच घेऊन ठेवतात, तिला मिरर ऑर्डर म्हणतात. मुलं परत आणण्याबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे भारताशी संबंध असलेल्या प्रकरणात ही काळजी जास्तच लागते.