मुलांच्या मेंदूतील वलय: पू, क्षय की कृमी?

आकडी येऊन गेलेल्या मुलाच्या सीटी स्कॅनमध्ये कडेने उजळलेले एक छोटे वलय दिसले, की मुंबईतले पालक बहुधा आधी क्षयाचेच नाव घेतात, आणि या शहरात ती भीती निराधार म्हणता येत नाही. परंतु असे वलय पुवाचे, क्षयाचे किंवा कृमीचे असू शकते, आणि त्यांतला भेद कळायला वैद्यकाला शतकाहून अधिक काळ लागला.

सर्वांत जुनी ओळख पुवाच्या गळूची. ग्लासगोचे शल्यचिकित्सक विल्यम मॅकईवन यांनी १८७६ मध्ये केवळ लक्षणांवरून एका मुलाच्या मेंदूतील गळूची जागा निश्चित केली. घरच्यांनी शस्त्रक्रियेस नकार दिला, मुलगा दगावला आणि शवविच्छेदनात गळू नेमके तिथेच सापडले. पुढे १८९३ मध्ये, प्रतिजैविके अस्तित्वात नसताना, त्यांनी मेंदूतील गळूच्या १९ शस्त्रक्रियांपैकी १८ रुग्ण बरे झाल्याची नोंद केली. वाहता कान आणि जन्मजात हृदयदोष ही मुलांमधली दोन जुनी कारणे. अशुद्ध रक्त फुफ्फुसांतून गाळले न जाता थेट शरीरात गेले की जंतूंना मेंदूची वाट मोकळी होते.

१९७१ मध्ये इंग्लंडमध्ये रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन झाला आणि अंदाजाची जागा चित्राने घेतली. भारतात मात्र याच चित्राने नवा घोळ घातला. १९८० च्या दशकात आकडी येणाऱ्या अनेक मुलांच्या स्कॅनमध्ये एकच लहान वलय दिसू लागले, ते क्षयाचे मानून महिनोन्‌महिने औषधे दिली गेली आणि वलय नाहीसे झाले की श्रेय औषधांना मिळाले. यथावकाश लक्षात आले की क्षयाची औषधे न देताही ही वलये विरतात. वेल्लोरच्या डॉक्टरांनी ऊती तपासल्या तेव्हा त्यांतल्या बऱ्याच गाठींत डुकरातील पट्टकृमीची मरू घातलेली अळी आढळली. खरे तर भारतात राहून गेलेल्या ब्रिटिश सैनिकांना वर्षांनंतर येणाऱ्या फेफऱ्याचा संबंध लष्करी डॉक्टरांनी याच अळीशी जोडला होता, आणि अशा ४५० रुग्णांचा अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्धही झाला होता. तो धागा इतकी वर्षे कोणी उचलला नाही, याचे नवल वाटते.

शाकाहारी घरांना हे निदान पटत नाही. मांसातून पोटात गेलेल्या अळीपासून आतड्यात पट्टकृमी वाढतो, मेंदूत अळी पोहोचते ती मात्र कृमी बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेतील अंड्यांमुळे, आणि ती अस्वच्छ हातांनी, पाण्यातून किंवा न धुतलेल्या भाजीतून कोणाच्याही पोटात जाऊ शकतात.

वेल्लोरच्याच निकषांनुसार वलय २० मिलिमीटरपेक्षा लहान असेल आणि मेंदूची मध्यरेषा सरकलेली नसेल, तर कृमीची शक्यता अधिक; क्षयाची गाठ सहसा मोठी आणि ओबडधोबड असते. अपवाद दोन्हीकडे आहेत. म्हणून फेफऱ्याचे औषध सुरू करून काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करतात, आणि घरात कोणाला क्षय आहे का, हेही विचारतात.