वाईट विचार आला म्हणजे सैतानाने ताबा घेतला?

प्रार्थनेला बसल्यावरच नेमका घाणेरडा विचार येतो आणि माणूस धास्तावतो. समजूत जुनी आहे, पण चुकीची. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात, सैतानाचे तीन मोह खुद्द येशूपुढे आले. तो निष्पापच राहिला. विचार दारात येणं वेगळं, त्याला घरात बसवणं वेगळं. इ. स. ३९९ मध्ये वारलेल्या इव्हाग्रियस या ख्रिस्ती संन्याशाचंही म्हणणं हेच: विचार येणं आपल्या हाती नाही, थारा देणं आहे. येशू वाद घालत बसला नाही. तिन्ही वेळा बायबलच्या जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं वचन सांगून मोकळा झाला.

सगळं खापर सैतानावर फोडताही येत नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वचन (१:१४) आपल्याच वासनेकडे बोट दाखवतं, जे ऐकायला कुणालाच आवडत नाही. सतत छळणारे नकोसे विचार हा आजारही असू शकतो. तिथे प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा.