अँटीव्हायरस असताना अँटी-स्पायवेअर वेगळं घ्यायचं का?

व्हायरस फाइली बिघडवतो आणि एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरतो. स्पायवेअर सहसा काही बिघडवत नाही, उलट कॉम्प्युटर सुरळीत चालण्यातच त्याचा फायदा. तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ, नेटबँकिंगचा पासवर्ड, पाहिलेल्या साइट्स, सगळं गुपचूप बाहेर पाठवत राहायचं, एवढंच त्याचं काम.

२००० नंतरच्या काही वर्षांत हा फरक दुकानातही दिसायचा. स्पायवेअर बहुधा एखाद्या फुकट प्रोग्रामच्या पाठीवर बसून यायचं आणि तुम्ही स्वतःच 'आय अॅग्री' दाबलेलं असायचं. मग त्याला व्हायरस कसं म्हणणार? म्हणून अॅड-अवेअर, स्पायबॉट अशी वेगळी हत्यारं आली. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००४ मध्ये जायंट नावाची छोटी कंपनी घेतली, तिच्याच प्रोग्रामचा पुढे विंडोज डिफेंडर झाला, म्हणजे विंडोजसोबतच येणारा पहारेकरी. विंडोज ७ पर्यंत डिफेंडर फक्त स्पायवेअर पकडायचा, व्हायरससाठी दुसरं काहीतरी टाकावं लागे. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये त्याच्याकडे दोन्ही कामं आली. आपल्या पुण्याच्या क्विक हीलसह बाकीच्या कंपन्याही आता दोन्ही एकाच पॅकमध्ये देतात.

त्यामुळे विंडोज ११ असेल तर नुसत्या अँटी-स्पायवेअरसाठी मी एक रुपयाही देणार नाही. त्याऐवजी एक बटण तपासा. विंडोज सिक्युरिटी उघडा, 'अॅप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन'च्या सेटिंग्ज बघा. तिथलं 'पोटेन्शियली अनवॉन्टेड अॅप ब्लॉकिंग' चालू हवं. ते 'आय अॅग्री'वालं लटांबर अडवायला हेच आहे. तरी शंका आलीच, तर मालवेअरबाइट्सच्या फुकट आवृत्तीने एकदा स्कॅन करा. ती सांगितल्यावरच तपासते, सतत पहाऱ्यावर बसत नाही. पहाऱ्याचे पैसे पडतात, पण तो पहारा डिफेंडर देतोच आहे.

उजव्या कोपऱ्यात '५ व्हायरस सापडले, लगेच रिन्यू करा' असं लाल अक्षरांत येतं ना? ते बहुतेक वेळा ब्राउझरचं नोटिफिकेशन असतं, कुठल्यातरी साइटवर 'अलाऊ' दाबल्याचं फळ. तिथे कार्ड नंबर टाकला की चोराला हवं ते आपणच दिलं. ब्राउझरच्या सेटिंग्जमधून त्या साइटची परवानगी काढली की लाल अक्षरं गायब.

नामांकित कंपनी म्हणजे निर्धास्त, असंही नाही बरं का. ग्राहकांची ब्राउझिंगची माहिती विकल्याच्या आरोपावरून अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीला २०२४ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६५ लाख डॉलर मोजावे लागले. पहारेकऱ्यानेच खबरा विकल्या म्हणायच्या!

गावी आई-बाबा एकटेच कॉम्प्युटर वापरतात, अडलं तर फोनवर मराठीत समजावणारं कोणी हवं, अशा घरी पैसे खर्च करायला माझी हरकत नाही. पण तेव्हाही पूर्ण पॅक घ्या. आणि मशीन अजून विंडोज १० वर असेल, तर आधी तिकडे बघा. त्याचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे भगदाडं बुजवणारे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोजमध्येच राहिलेलं भगदाड कुठलंही अँटी-स्पायवेअर बुजवत नाही.