इन्फ्रास्ट्रक्चर ड्रिफ्ट

क्लाउडवर चालू असलेले सर्व्हर, नेटवर्क, डेटाबेस, परमिशन एका अवस्थेत आणि ज्या टेम्प्लेटवरून, म्हणजे रचना लिहून ठेवलेल्या फाइलवरून, ते उभे केले त्यात लिहिलंय भलतंच, या तफावतीला इन्फ्रास्ट्रक्चर ड्रिफ्ट म्हणतात. सातबाऱ्यावर एक नि बांधावर दुसरंच, तसला प्रकार. ही तफावत शोधायची, कुठली बाजू खरी धरायची ते ठरवायचं आणि दुसरी तिला जुळवून घ्यायची, असं हे काम, आणि यातला मधला भाग कुठलंच टूल करून देत नाही.

ड्रिफ्ट होतो कसा तर बहुतेक वेळा घाईत. रात्री प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ती सिस्टीम, बंद पडली, ऑन-कॉलवाल्याने कन्सोलमध्ये, म्हणजे क्लाउडच्या वेबपानावर, जाऊन सिक्युरिटी ग्रुपचं (क्लाउडच्या फायरवॉलचं) पोर्ट २२ सगळ्या जगाला उघडलं, प्रॉब्लेम सुटला, आणि सकाळी टेम्प्लेटमध्ये ते टाकायचं किंवा पोर्ट परत बंद करायचं कुणाच्याच लक्षात नाही. पण दर वेळी माणूसच दोषी असतो असं नाही, ऑटोस्केलिंग स्वतःच सर्व्हरची संख्या वरखाली करतं, काही वेळा क्लाउड कंपनीच एखादं डीफॉल्ट बदलते.

कल्पना क्लाउडच्या आधीची आहे. मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफइंजिन हे मशीनची सेटिंग सांभाळणारं टूल लिहायला घेतलं तेव्हापासून मशीनला ठरवलेल्या अवस्थेकडे पुन्हा पुन्हा आणत राहायचं हा विचार आहे, नंतर आलेल्या पपेट या तसल्याच टूलचा मशीनवर बसलेला एजंटसुद्धा डीफॉल्टने दर ३० मिनिटांनी हेच करतो. ॲमेझॉनचं क्लाउडफॉर्मेशन, टेम्प्लेटवरून क्लाउडवरच्या गोष्टी उभ्या करणारं टूल, २०११ मध्ये आलं, पण त्यात ड्रिफ्ट डिटेक्शन यायला २०१८ चा नोव्हेंबर उजाडला, म्हणजे मधली सात वर्षं स्टॅक (एका टेम्प्लेटवरून उभ्या केलेल्या गोष्टींचा गठ्ठा) हिरवा दिसतोय म्हणजे सगळं ठीक असंच लोक धरून चालले.

आणि डिटेक्शन आलं तरी ते काय बघत नाही हे जास्त महत्त्वाचं. क्लाउडफॉर्मेशन फक्त टेम्प्लेटमध्ये स्पष्ट लिहिलेल्या प्रॉपर्टीच ताडून बघतं, जी प्रॉपर्टी लिहिलीच नाही, डीफॉल्टवर सोडली, ती कुणी बदलली तरी रिपोर्टमध्ये 'इन सिंक'च येणार. काही रिसोर्स (सर्व्हर, डेटाबेस वगैरे) टाइपना सपोर्टच नाही, त्यांच्यापुढे 'नॉट चेक्ड' येतं, त्याचा अर्थ लोक खुशाल 'ओके' असा घेतात. शिवाय स्टॅकच्या बाहेर कुणी हाताने नवीन सर्व्हर उभा केला असेल तर तो कुठल्याच हिशोबात नाही. टेराफॉर्म या तसल्याच दुसऱ्या टूलचंही तेच, त्याच्या स्टेट फाइलमध्ये, म्हणजे त्याने सांभाळलेल्या गोष्टींच्या नोंदीत, जे नाही ते त्याच्या दृष्टीने जगात नाही, बिल मात्र येतं.

टेराफॉर्ममध्ये, जे हॅशिकॉर्प या कंपनीने २०१४ मध्ये आणलं, तीन गोष्टी असतात: कोड, स्टेट फाइल आणि खरं क्लाउड. प्लॅन, म्हणजे काय बदलेल ते दाखवणारी कमांड, चालवला की ते आधी क्लाउडला विचारून स्टेट ताजं करतं, मग कोडशी ताडतं, त्यामुळे हाताने केलेला बदल प्लॅनमध्ये दिसतो आणि अप्लाय, म्हणजे प्लॅन प्रत्यक्षात लागू, केला की उलटवला जातो. फक्त बघायचंय, काही बदलायचं नाही, तर रिफ्रेश-ओन्ली मोड आहे, तो २०२१ मध्ये आला. रोज रात्री पाइपलाइनमधून, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळीतून, डिटेल्ड एक्झिटकोड हा पर्याय लावून प्लॅन चालवतात, कोड ० आला तर फरक नाही, १ म्हणजे एरर, २ म्हणजे फरक आहे, आणि २ आला की टीमला मेसेज. साधी सोय आहे पण चालते.

क्लाउडफॉर्मेशनमध्ये मात्र नवीन माणूस हमखास अडकतो. ड्रिफ्ट दिसला म्हणून तो तेच जुनं टेम्प्लेट परत चढवतो आणि उत्तर येतं की अपडेट करण्यासारखं काही नाहीच, कारण नेहमीचा अपडेट नवीन टेम्प्लेट मागच्या टेम्प्लेटशी ताडतो, खऱ्या रिसोर्सशी नाही. मग एकतर हाताने केलेलं हातानेच परत फिरवायचं, नाहीतर टेम्प्लेट प्रत्यक्षाप्रमाणे बदलायचं, किंवा रिसोर्सला रिटेन पॉलिसी (स्टॅकमधून काढलं तरी डिलीट होऊ नये अशी) लावून स्टॅकमधून काढायचं आणि मग इम्पोर्ट करून परत आणायचं. इम्पोर्टचा रस्ता २०१९ पासून आहे, वेळखाऊ आहे पण डेटाबेससारख्या जपायच्या गोष्टीसाठी तोच बरा.

टेम्प्लेट म्हणजे ब्रह्मवाक्य समजून डोळे झाकून अप्लाय करणं हा दुसऱ्या टोकाचा घोळ. समजा आरडीएस या ॲमेझॉनच्या सेवेवर चालणाऱ्या डेटाबेसची डिस्क भरत आली म्हणून कुणी कन्सोलमधून १०० जीबीची २०० केली, कोडमध्ये अजून १०० च आहे, तर टेराफॉर्म ती परत १०० वर आणायला जाणार, आणि आरडीएसमध्ये चालू डेटाबेसची डिस्क अशी थेट कमी करता येत नाही, त्यामुळे अप्लाय तिथेच फेल. इथे खरं क्लाउड बरोबर आणि कोड शिळा, कोडमध्ये २०० लिहायचं नि विषय संपवायचा. फेल झालं तर नशीबच म्हणायचं, कारण काही ॲट्रिब्यूट असे आहेत की फरक दिसला की टेराफॉर्म रिसोर्स पाडून नवा बांधतं. प्लॅनमध्ये 'मस्ट बी रिप्लेस्ड' दिसलं की हात थांबवून आधी क्लाउडट्रेलमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या बदलांच्या नोंदवहीत, तो बदल कुणी आणि केव्हा केला ते बघावं, त्याच्या इव्हेंट हिस्ट्रीत ९० दिवसांचं सापडतं, त्याआधीचं हवं असेल तर लॉग एस-थ्री या ॲमेझॉनच्या फाइलसाठ्यावर साठवायची सोय आधीच केलेली असावी लागते.

ऑटोस्केलिंगच्या संख्येसारखे जे बदल व्हायलाच हवेत ते टेराफॉर्ममध्ये इग्नोर चेंजेसमध्ये, म्हणजे दुर्लक्ष करायच्या यादीत, टाकतात. पण ही यादी वाढत गेली की ड्रिफ्टचा रिपोर्ट कोरा येतो तो सगळं जुळलंय म्हणून नाही, बघायचंच सोडलंय म्हणून.

कुबरनेटीसमध्ये, म्हणजे अनेक मशीनच्या क्लस्टरवर कंटेनर चालवणाऱ्या सिस्टीममध्ये, हे काम मुळातच सतत चालू असतं, त्यातले कंट्रोलर मागितलेली नि प्रत्यक्ष अवस्था जुळवत बसतात, आणि त्यावर आर्गो सीडीसारखं टूल गिटमधल्या (कोड नि त्याचे बदल साठवणाऱ्या सिस्टीममधल्या) फाइलींशी क्लस्टर ताडतं. त्यातलं सेल्फ हील, म्हणजे फरक आपोआप दुरुस्त करणं, डीफॉल्टने बंद असतं, म्हणजे फरक दिसला तरी ते 'आउट ऑफ सिंक' एवढंच सांगतं. ते चालू केलं आणि गिटमध्ये रेप्लिका (ॲपच्या चालू प्रती) ३ लिहून ठेवल्या असतील तर लोड वाढल्यावर ऑटोस्केलर १० करणार, आर्गो परत ३ करणार, अशी दोघांची ओढाताण सुरू होते. म्हणून जिथे ऑटोस्केलर आहे तिथे रेप्लिकाची ओळ गिटमधून काढूनच टाकतात.