अमेरिकेतील कायरोप्रॅक्टर परवाना : अर्जातला ‘राज्य’ हा रकाना रिकामा का सोडू नये

परदेशी परवान्यांसाठी कागदपत्रे तयार करून देण्याच्या आमच्या अर्जात चौथा रकाना ‘परवाना कोणत्या राज्याचा हवा?’ असा आहे. बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) किंवा बी.एस्सी. करून अमेरिकेत कायरोप्रॅक्टर (पाठीचा कणा व सांधे हातांनी हाताळून उपचार करणारा) होऊ इच्छिणारे बहुतेक ग्राहक तो कोरा ठेवतात किंवा त्यात ‘अमेरिका’ एवढेच लिहितात, आणि विचारल्यावर ‘ते शिक्षण झाल्यावर बघू’ असे सांगतात. हा रकाना भरल्याशिवाय आम्ही ट्रान्सक्रिप्टचे (विद्यापीठाच्या अधिकृत गुणनोंदीचे) काम हाती घेत नाही, यावरून थोडी नाराजीही होते; म्हणून हा खुलासा.

अमेरिकेत हा परवाना केंद्र सरकार देत नाही, त्या त्या राज्याचे मंडळ देते. कॅन्ससने १९१३ साली पहिला कायदा केला आणि लुइझियाना १९७४ साली सर्वांत शेवटी आले. मधल्या साठ वर्षांत प्रत्येक राज्याने आपापले नियम केल्यामुळे पाया बराचसा सारखा असला, तरी वरचे बांधकाम सारखे नाही.

पाया थोडक्यात असा. कौन्सिल ऑन कायरोप्रॅक्टिक एज्युकेशनची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाची डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक पदवी लागते. हा अभ्यासक्रम किमान ४,२०० तासांचा असतो. त्याच्या नेहमीच्या प्रवेशासाठी आधीच्या शिक्षणाचे ९० सेमिस्टर क्रेडिट (अभ्यासभार मोजण्याचे एकक) आणि ४ पैकी ३ सरासरी अपेक्षित असते. त्या ९० पैकी २४ क्रेडिट विज्ञान विषयांचे असावे लागतात आणि त्यांतील निम्म्या विषयांना प्रयोगशाळेची जोड असावी लागते. पुढे नॅशनल बोर्ड ऑफ कायरोप्रॅक्टिक एक्झामिनर्सच्या परीक्षेचे चार भाग येतात : पहिला मूलभूत विज्ञानांचा, दुसरा निदान व उपचारविषयांचा, तिसरा लेखी स्वरूपातील रुग्णविचाराचा आणि चौथा प्रात्यक्षिकाचा. उत्तीर्ण होण्यासाठी ३७५ गुण लागतात, मात्र ते शंभरपैकी इतके अशा आपल्या हिशेबाचे नसून मंडळाच्या स्वतःच्या मापपट्टीवरचे असतात. बीपीटीएच झालेल्यांना यातून माफी मिळत नाही. महाविद्यालयाने एखाद्या विषयात सूट दिली, तरी ती त्या विषयापुरतीच असते.

खरा वेळ वाया जातो तो याच्या पुढे. याच राष्ट्रीय मंडळाची फिजिओथेरपीची एक वेगळी परीक्षा आहे आणि ती चार भागांत मोडत नाही. आमच्या एका ग्राहक भगिनींनी ‘मी मुळात फिजिओथेरपिस्टच आहे’ म्हणून ती सोडून दिली. नंतर त्यांना कॅलिफोर्नियात संधी मिळाली, आणि कॅलिफोर्नियाला ती परीक्षाही हवी असते व राज्याच्या कायद्यांवरची वेगळी परीक्षाही. फ्लोरिडाची अट निराळी आहे : १ जुलै २००० नंतर कायरोप्रॅक्टिक महाविद्यालयात दाखल झालेल्या अर्जदाराकडे बॅचलर पदवी असावीच लागते. म्हणजे पदवी अर्धवट सोडून केवळ ९० क्रेडिटच्या बळावर प्रवेश मिळवलेल्या विद्यार्थ्याचे महाविद्यालयात काही अडत नाही. त्याचे अडते ते परवान्याच्या दारात, चार वर्षांनी.

राज्य आधी कळले, तर पदवी पडताळणी, सीलबंद ट्रान्सक्रिप्टचे जादा संच आणि प्रात्यक्षिकांच्या तासांचा तपशील हे सारे विद्यापीठाच्या एकाच फेरीत मागवता येते. भारतीय पदवी अमेरिकेतील कोणत्या शिक्षणाच्या तोडीची आहे याचे मूल्यांकनही विषयवार करून घ्यावे लागते. ‘पदवी समकक्ष आहे’ एवढेच सांगणारा स्वस्त अहवाल प्रयोगशाळेच्या विषयांबद्दल काहीच बोलत नाही, आणि असा अहवाल हातात घेऊन आमच्याकडे दुसऱ्यांदा काम करून घ्यायला येणारे थोडे नाहीत. (सीलबंद पाकीट आत काय आहे ते पाहण्यासाठी कृपया उघडू नये. उघडलेले पाकीट बाद होते.)

आमचे शुल्क इतरांपेक्षा काहीसे जास्त आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. प्रत्येक अर्जाच्या वेळी आम्ही संबंधित मंडळाचे त्या दिवशीचे नियम स्वतः वाचतो आणि गेल्या वर्षीच्या यादीवर विसंबत नाही, त्याचा तो मोबदला आहे. परवाना मिळेल अशी हमी मात्र आम्ही देत नाही, कारण तो देणे मंडळाच्या हाती आहे.

राज्य अजून ठरले नसेल, तर ज्या दोन राज्यांत नातेवाईक किंवा ओळखीचे आहेत ती लिहावीत. दोन्हींपैकी जे नियम अधिक कडक असतील, त्यांनुसार आम्ही संच तयार करतो, आणि वर्षभरात राज्य बदलल्यास फेरतपासणीचे वेगळे शुल्क घेत नाही.