एअरसॉफ्ट बंदुका आणि कॅनडाचा कायदा: वाद कुठून आला?

कॅनडा सरकारने ३० मे २०२२ रोजी सी-२१ हे विधेयक संसदेत मांडले, तेव्हा बातम्या झाल्या त्या पिस्तुलांची खरेदी-विक्री गोठवण्याच्या. त्याच विधेयकातल्या एका छोट्या तरतुदीने एअरसॉफ्ट, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकांनी लुटुपुटीची लढाई, खेळणारे आणि त्यांची दुकाने मात्र हादरली. खऱ्या बंदुकीसारख्या दिसणाऱ्या एअरसॉफ्ट बंदुकांची आयात आणि विक्री त्या तरतुदीमुळे बंद झाली असती.

एअरसॉफ्ट बंदूक स्प्रिंग, गॅस किंवा बॅटरीच्या जोरावर ६ मिलिमीटरचा प्लास्टिकचा छर्रा फेकते. नेहमीच्या छर्ऱ्याचे वजन जेमतेम ०.२० ग्रॅम. अंगावर वळ उठतो. डोळ्यावर बसला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून गॉगल सक्तीचा.

हा छंद जपानचा. तिथे सामान्य माणसाला बंदूक बाळगणे जवळजवळ अशक्य, त्यामुळे हुबेहूब प्रतिकृतींची हौस वाढली. धातूची नकली पिस्तुले गुन्ह्यांत दिसू लागल्यावर १९७१ मध्ये ती पांढरी किंवा पिवळी रंगवण्याची आणि त्यांची नळी बुजवण्याची सक्ती झाली. छर्रे मारणाऱ्या प्लास्टिकच्या बंदुका त्यानंतर फोफावल्या. काहींनी त्यांची ताकद धोकादायक इतकी वाढवली, तेव्हा २००६ मध्ये एक ज्यूलच्या (ज्यूल हे ऊर्जेचे माप) किंचित खाली मर्यादा घातली गेली. या प्लास्टिकच्या बंदुकांचे रूप जपानने तसेच राहू दिले, लगाम घातला तो माऱ्याला.

कॅनडाने सुरुवात उलट्या टोकाने केली. १९९५ मध्ये झालेल्या आणि १ डिसेंबर १९९८ पासून लागू झालेल्या कायद्याने बंदुकीची प्रतिकृती हीच प्रतिबंधित वस्तू ठरवली. प्रतिकृती म्हणजे खऱ्या बंदुकीशी तंतोतंत किंवा जवळजवळ तंतोतंत जुळणारी, पण स्वतः बंदूक नसलेली वस्तू. सगळा घोळ या शेवटच्या अटीत आहे. कॅनडात नळीतून मारा करून गंभीर इजा करू शकणारी वस्तू फौजदारी कायद्याच्या नजरेत बंदूक ठरते, आणि हवेच्या बंदुकाही त्यात येतात, हे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केले. डोळ्याला होणारी इजाही गंभीरच. ०.२० ग्रॅमच्या छर्ऱ्यासाठी ही सीमा सेकंदाला ३६६ फूट वेगाची मानली जाते.

याचा परिणाम विचित्र झाला. हुबेहूब दिसणारी आणि ३६६ फुटांपेक्षा हळू मारणारी बंदूक ‘प्रतिकृती’ म्हणून प्रतिबंधित. तीच बंदूक थोडी जास्त जोरात मारत असेल तर ती ‘बंदूक’, म्हणून प्रतिकृती नाही, म्हणून विकायला मोकळी. परवाना लागतो तो वेग सेकंदाला ५०० फुटांच्या आणि ऊर्जा ५.७ ज्यूलच्याही वर गेल्यावरच. म्हणजे खेळासाठी कमी धोक्याची वस्तू हवी असणाऱ्यालाच कायदा जास्त धोक्याची वस्तू घ्यायला लावतो. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत अन्यायाची गोष्ट हीच वाटते.

सी-२१ ला ३६६ ते ५०० फुटांमधली ही फट बुजवायची होती. (याच नावाचे आधीचे विधेयक २०२१ च्या निवडणुकीमुळे बारगळले होते.) काही सेकंदांत निर्णय घेताना खरी-खोटी बंदूक ओळखता येत नाही, ही पोलिसांची तक्रार खरीच आहे. विधेयक येण्याच्या चार दिवस आधी टोरंटोच्या स्कार्बरो भागात शाळेजवळ पोलिसांनी एका तरुणाला गोळी घालून ठार केले. त्याच्याजवळ छर्ऱ्यांची बंदूक निघाली. दिसण्याचा धोका पोलिसांना आहेच, पण तो सर्वांत आधी ती वस्तू हातात धरणाऱ्याच्या जिवावर बेततो.

तरीही हरकत घेणाऱ्यांचे म्हणणे रास्त होते. विधेयकात खेळाच्या मैदानाला, विम्याला, क्लबच्या सदस्यत्वाला जागाच नव्हती. असलेली बंदूक घरी ठेवता आली असती, पण विकता आली नसती. नवी मिळाली नसती, आणि खेळ हळूहळू संपला असता. मे २०२३ मध्ये संसदीय समितीने ती तरतूद काढली आणि १५ डिसेंबर २०२३ रोजी कायदा तिच्याविना मंजूर झाला.

ब्रिटनने दिसणे आणि मारा हे दोन प्रश्न वेगळे केले आणि मला तोच मार्ग पटतो. तिथे नकली बंदूक सबळ कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी नेणे २००३ च्या कायद्याने गुन्हा ठरले. ऑक्टोबर २००७ पासून हुबेहूब नकलींची विक्री आणि आयात बंद झाली. भडक रंगाच्या किंवा पारदर्शक चालतात. विमा असलेल्या मैदानावर खेळणाऱ्यांना मात्र हुबेहूब नकलही घेता येते. माऱ्याचा हिशेब २०१७ मध्ये स्वतंत्रपणे झाला: सलग मारणाऱ्या एअरसॉफ्टला १.३ ज्यूल, एकेक मारणाऱ्याला २.५ ज्यूल. या मर्यादेत असेल तर ती कायद्याने बंदूक नाही.

कॅनडात ३६६ फुटांची रेषा अजून तिथेच आहे. एअरसॉफ्टचा विषय पुन्हा निघाला, तर आधी या रेषेचा विचार व्हायला हवा.